पोट साफ व्हायला लागलं, पण अंगावरचं पित्त जाईना

फोंड्याची_सून
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आज वही घेऊन बसलेच.

तीन वर्षांमागे सुरू झालं. पोट साफ होईना. दोन दोन, कधी तीन दिवस. त्यातच महिन्यातून एकदोनदा अंगावर पित्त उठायचं. मान, पोट, मांड्यांवर लालभडक गांध्या आणि रात्रभर खाज. घरी, शेजारी, देवळात, जो तो एकच सांगे, पोट साफ नाही म्हणून अंगातून फुटतं. मलाही पटलं. बाजारातलं एक चूर्ण आणलं, रात्री एक चमचा कोमट पाण्यातून. दुसऱ्या सकाळी मोकळं. वाटलं, सापडलं औषध.

दीड वर्ष घेतलं. एका चमच्याचे दोन झाले, दोनाचे अडीच. एखाद्या रात्री विसरले की दुसऱ्या दिवशी काही नाही. पोटात मुरडा यायचा तो वेगळाच. आणि पित्त उठायचं ते उठतच होतं. मग एकदा चष्मा लावून डबीमागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव सोनामुखी. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ही आतड्याला चाबूक मारून पळवते, चार दिवसांसाठी ठीक, रोजची नव्हे.

एकदम बंद केलं नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले आणि तेवढे दिवस इसबगोल घेतला, दोन चमचे, मोठा पेला भरून पाण्यात, वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट घट्ट बसतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

खरा फरक पडला तो जेवणाने. सासूबाई असेपर्यंत आमच्याकडे सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज व्हायची. त्या गेल्या आणि आमच्या टेबलावर चहा-बिस्किटं आणि पांढरा पाव आला. मी पेज परत सुरू केली. लाल उकडा तांदूळ, एका वाटीला सात-आठ वाट्या पाणी, शीत बोटात दाबलं की फुटेल पण विरघळणार नाही इतपत शिजवायचा. बरोबर तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं आणि उसळ, बहुतेकदा मूग नाहीतर चवळी. रात्री एक पालेभाजी हवीच. पावाऐवजी पोळी, म्हणजे पोदेराकडची (पाववाल्याकडची) कोंड्याची, पण हातात घेऊन बघायची. हल्ली काही ठिकाणी वर नुसता कोंडा भुरभुरलेला असतो आणि आत सगळा मैदा.

आणि वेळ. सकाळी गरम काहीतरी पोटात गेलं की अर्ध्या तासाच्या आत जाऊन बसायचं, घाई नाही, मोबाईल नाही, पायाखाली लाकडी पाट. दोन महिन्यांत पोट रुळावर आलं. आज एक वर्ष झालं, चूर्णाची डबी घरात नाही.

पण पित्त गेलं नाही! गेल्या पाच महिन्यांत आठ वेळा उठलं. तारीख, वेळ, खाल्लेलं सगळं वहीत आहे. शिवाय मुलगी सोळा वर्षांची, तिचं कपाळ आणि गाल मुरमांनी भरलेत, आणि तिलाही सगळे पोट साफ कर म्हणून सांगतात. आता मला या सांगण्यावर विश्वास ठेवावा की नाही तेच कळेना. तुमचा अनुभव लिहा.


घाटावरून_आलेली
सोमवार, रात्री १०.३०

ताई, वाचताना वाटलं माझंच लिहिलंय. मी साताऱ्याची, पर्वरीला येऊन दोन वर्षं झाली. इकडे आल्यापासून भाकरी सुटली आणि पोट बिघडलं. शेजारच्या काकींनी त्रिफळा घे सांगितलं, मी दुकानात जाऊन तिरफळं घेऊन आले. ती हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत घालतात ना, तीच? दळून घ्यायची का?


वाळपईची_वैद्य
सोमवार, रात्री ११.१५

दळू नका हो. तिरफळ हा मसाला, बांगड्याच्या हुमणातला. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळकाठी, तिन्ही समभाग. नावं जुळी, वस्तू पूर्ण वेगळ्या. माझ्याकडे वर्षाला दोघे-तिघे तरी अशी गफलत करून येतात.

फोंड्याच्या ताईंना सांगते. मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, वाळपईजवळ वीस वर्षं बसते. पोटाचा आणि त्वचेचा संबंध आमच्या शास्त्रात आहे, मी तो मानते. पण पोट साफ करणं आणि रोज जुलाब घेणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. विरेचन, म्हणजे औषधाने पोट साफ करणं, हे कर्म आहे. त्याच्या आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि शेक, नंतर पेजेपासून चढत चढत पथ्याचं जेवण, आणि माणूस बघून मात्रा. दीड वर्ष रोज रात्री चमचाभर सोनामुखी हे विरेचन नव्हेच. तुम्ही पेजेवर आलात ते मला फार आवडलं.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आपला पावसाळ्यातला तायकिळा, घाटावरचा टाकळा, हा सोनामुखीच्याच कुळातला. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला उगवतो, संध्याकाळ झाली की पानं जोडीजोडीने मिटतात, ती ओळखीची खूण. आपल्या आज्या त्याची कोवळी पानं फणसाच्या आठळ्या आणि खोबरं घालून करायच्या, मोसमात चार-सहा वेळा. तोही पोटाला थोडा सारक आहे. वर्षातून चारदा भाजी म्हणून, आणि मुबलक डाळ-खोबऱ्याबरोबर. तीच जात वाळवून, पूड करून वर्षभर रोज घेतली की काय होतं ते तुम्ही भोगलंत.


निवृत्त_सिस्टर_म्हापसा
मंगळवार, सकाळी ७.०५

मी पस्तीस वर्षं नर्स होते. ताईंनी सगळं नीट लिहिलंय, पण एक शब्द मला कुठेच दिसला नाही, थायरॉईड. बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणं, थंडी सोसत नाही, वजन वाढतं, हे एकत्र असेल तर पोटाला आणि त्वचेला एकमेकांचे कारण ठरवत बसू नये. दोघांचं मूळ गळ्यातल्या ग्रंथीत असू शकतं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे. माझ्या स्वतःच्या नणंदेने चार वर्षं काढे पिण्यात घालवली, शेवटी गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत पोटही सुधारलं, टाचाही भरल्या.

दुसरं, पुन्हा पुन्हा गळवं, जांघेत किंवा स्तनाखाली बुरशीची खाज, जखम लवकर न भरणं, असं असेल तर साखर तपासा. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब हा मधुमेहावरचा देशभरचा सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. अशा राज्यात खाज म्हणजे रक्त अशुद्ध म्हणून कडू काढा पिणं मला बघवत नाही. रक्त शुद्ध करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती रात्रंदिवस तेच करतात.

आणि शौचातून रक्त, काळा डांबरासारखा मळ, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यातलं काही असेल तर पेज-पोळी बाजूला ठेवून आधी डॉक्टर.


डिचोलीतला_मास्तर
मंगळवार, दुपारी २.२०

माझा अनुभव वेगळा आहे पण इथे लागू पडेल.

दर वर्षी मार्च ते मे माझ्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि ओठांच्या कडेला पुरळ यायचं. आधी आग, मग पाण्याचे फोड, मग कातडी काळी पडून सोलायची. पावसाळ्यात आपोआप बंद. सगळे म्हणाले उष्णता. मी सब्जा घेतला, दूर्वांचा रस घेतला, दुपारी सोलकढी, रात्री दूध-तूप. पोट थंडगार, पुरळ तसंच.

पाचव्या वर्षी एका त्वचारोगतज्ज्ञांनी एकच विचारलं, घरी काजू आहे का? आहे ना, सव्वाशे कलमं आहेत. सुट्टीत बोंडं पिरगाळून बिया मीच वेगळ्या करतो, आणि संध्याकाळी अंगणात चार बिया भाजून फोडून खायची लहानपणापासूनची सवय. बीच्या सालात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बिब्बा, काजू, आंबा ही एकाच कुळातली झाडं. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या तोंडाला फोड येतात त्यांनी काजूच्या सालाला जपावं हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

आता हातमोजे घालतो, आधी हातांना खोबरेल लावतो, काम झाल्यावर साबणाने धुतो, बिया दातांनी फोडत नाही. गेली दोन वर्षं पुरळ नाही. बोंडं खातो, काजूगर खातो, काही होत नाही.

म्हणून ताईंना सांगतो, तुमची वही चाळा. काय खाल्लं एवढंच नको, त्या दिवशी कुठे होता, हात कशाला लागले, कुठली गोळी घेतली, तेही बघा.


बेतीची_भावजय
मंगळवार, रात्री ८.४५

ताई, एकच विचारते. ते आठ दिवस बांगडे होते का जेवणात?


फोंड्याची_सून
मंगळवार, रात्री १०.१०

भावजय, तुमचा प्रश्न वाचला आणि वही उघडली. हात कापायला लागले माझे.

आठांपैकी सहा दिवस बांगडे. एक दिवस तारले. एक दिवस काही नोंद नाही, त्या दिवशी बाहेर लग्नाला जेवलो होतो. सुंगटं (कोळंबी), चोणक, मोरी ही दुसरी मासळी खाल्ली त्या दिवशी एकदाही नाही. पण मी बांगडे महिन्यातून पाच-सहा वेळा करते आणि दर वेळी उठत नाही, म्हणून मी बांगडा सोडूनच दिला होता डोक्यातून. अॅलर्जी असती तर दर वेळी झाली असती ना?


बेतीची_भावजय
मंगळवार, रात्री १०.४०

अॅलर्जी नसेल म्हणूनच विचारलं. आमचं घर मासळीचं. सासरे सांगायचे, बांगडा आणि कुपा (ट्यूना) उन्हात विसरला की त्याला राग येतो. मासा कुठून, किती वाजता आणता? घरी येईपर्यंत बर्फ असतो का?


फोंड्याची_सून
मंगळवार, रात्री ११.००

हे सुटल्यावर येताना आणतात. संध्याकाळी साडेसहा-सातला, स्वस्त मिळतो म्हणून. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या हुकाला. घरी यायला पाऊण तास. मी लगेच साफ करते, पण कधी कधी मीठ-हळद लावून तासभर ओट्यावर राहतो. वहीत आणखी एक दिसलं. सहापैकी चार वेळा यांनी जेवल्यावर डोकं जड झालंय म्हटलंय, एकदा तोंड लाल झालंय म्हणून मी थट्टा केली होती. ते मी लिहून ठेवलंय, पण जोडून बघितलं नव्हतं.


निवृत्त_सिस्टर_म्हापसा
बुधवार, सकाळी ६.५०

झोपेतून उठून हेच वाचलं. भावजयेने बरोबर पकडलंय.

बांगडा, तारली, कुपा या मासळीच्या मांसात हिस्टिडिन नावाचा प्रथिनातला घटक भरपूर असतो. मासा पकडल्यावर थंड ठेवला नाही तर जंतू त्याचं हिस्टामिन करतात. आपल्या अंगावर पित्त उठतं तेव्हा शरीर जे सोडतं तेच हे हिस्टामिन, फक्त इथे ते बाहेरून ताटात येतं. मासा दिसायला, वासाला बरा असू शकतो. आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा, कोकम घाला, ते जात नाही. जेवल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत तोंड लाल, डोकं दुखतं, गांध्या, कधी जुलाब. कधी जिभेवर मिरी लागल्यासारखं चुरचुरतं. एका ताटातल्या दोघांना त्रास होतो ही मोठी खूण, कारण अॅलर्जी सहसा एकट्याची असते. ताई, तुमच्या यांचं जड डोकं हाच तुमचा पुरावा.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येणारा बराच बांगडा लांबून बर्फात आलेला असतो. तेव्हा जास्त जपा.

पण स्वतःच्या अंगावर प्रयोग करण्याआधी एकदा डॉक्टरांना वही दाखवा. पित्त उठताना ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला तर वाट बघत बसू नका, १०८ लावा. आणि डोकं दुखलं म्हणून अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, काही लोकांत त्याने पित्त आणखी भडकतं.


कुडचडेचा_पोरगा
बुधवार, रात्री ९.१५

मी धाग्यावर नवीन. जांघेत गोल गोल चकंदळं आलीत, आठ महिने झाले. रोज पावसात बाईकवरून कामाला जातो. दुकानातून एक मलम आणलं, चार दिवसांत जायचं, बंद केलं की दुप्पट. आता पोटावरही आलंय. मावशी म्हणते पोटात जंत आहेत. तायकिळ्याचं बी लावू का?


निवृत्त_सिस्टर_म्हापसा
बुधवार, रात्री ९.४०

बाळा, जंत नव्हेत, हा नायटा दिसतो, बुरशी. तुझ्या मलमात बहुतेक स्टेरॉईड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी आतून पसरते. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही असेल तर त्या नावासकट त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. २०१८ साली अशी चौदा स्टेरॉईडची मलमं सरकारने चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं, तरी दुकानात मागितलं की मिळतं, आणि तुझ्यासारखी तरुण पोरं वर्षभर खाजवत बसतात.

भिजलेली जीन्स लगेच बदल. अंतर्वस्त्रं सुती आणि सैल, रोज धुतलेली, पावसात वाळत नसतील तर इस्त्री फिरव. टॉवेल कुणाबरोबर वाटू नको. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही एकाच वेळी औषध. आणि डाग गेला म्हणून थांबायचं नाही, डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावायचंच.


वाळपईची_वैद्य
बुधवार, रात्री १०.०५

सिस्टरबाईंशी सहमत. तायकिळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणजे नायटा मारणारा असंच नाव आहे, आणि बी ताकात वाटून लावायची रीत जुनी आहे. एखाद्या रुपयाएवढ्या डागावर मी ती देतेही. पण आठ महिने स्टेरॉईड लागलेल्या, पोटापर्यंत पसरलेल्या नायट्यावर मी स्वतः देणार नाही. तिथली कातडी पातळ झालेली असते, भाजेल. तू उद्या जा.


घाटावरून_आलेली
गुरुवार, दुपारी १.३०

ताईंच्या लेकीच्या मुरमांचं राहूनच गेलं. माझ्या धाकट्या भावाला होती. तो व्यायामशाळेत जाऊन प्रथिनांची पावडर दुधातून प्यायचा. ती बंद केल्यावर निम्मी कमी झाली. तुमची लेक असं काही घेते का?


निवृत्त_सिस्टर_म्हापसा
गुरुवार, दुपारी ४.००

हे भावाचं उदाहरण चांगलं आहे. मुरमाचा संबंध पोट साफ असण्याशी नाही, साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याशी मात्र दिसतो. २००७ साली ऑस्ट्रेलियात मुरमं असलेल्या ४३ तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला. मैदा-साखर कमी, अख्खं धान्य आणि प्रथिनं जास्त, अशा जेवणावर असलेल्यांची मुरमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. दूध आणि व्हे पावडर यांचाही काहींना त्रास होतो. म्हणून लेकीलाही तुमच्याबरोबर पेज-उसळ द्या, बिस्किटं-थंड पेयं कमी करा. तिच्या चेहऱ्यावर लिंबू चोळू नका, लिंबाचा रस आणि ऊन मिळून काळे डाग पडतात. टूथपेस्ट नको, घासणं नको. बेंझॉईल पेरॉक्साईड किंवा अॅडापलीन ही मुरमांची मलमं डॉक्टरांना विचारून, रात्री थोडं, आणि तीन महिने धीर. खड्डे पडायला लागले असतील तर धीर न धरता लगेच दाखवा.


बेतीची_भावजय
गुरुवार, रात्री ९.००

अॅडापलीनने माझ्या लेकीचा चेहरा कोरडा पडून सोलायचा. आम्ही बरोबर साधं मॉइश्चरायझर दिलं. टाचांना आणि कोपरांना मात्र कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, भिंडेल. गोळा विस्तवाजवळ धरायचा, वितळला की बोटाने भेगेत भरायचा. चेहऱ्याला नको, जड होतं.


फोंड्याची_सून
सव्वीस दिवसांनी, रविवार, दुपारी ३.१५

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी डॉक्टरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी अर्धा तास वाचली. टीएसएच काढायला सांगितलं, ते ठीक आलं. साखर काठावर आहे, त्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा. मासळीबद्दल त्यांनीही सिस्टरबाईंसारखंच सांगितलं. श्वासाचा त्रास कधी झाला नसल्यामुळे ताजा बांगडा घरी कुणीतरी असताना दिवसा खाऊन बघायला हरकत नाही म्हणाले, सेटिरिझिनची, म्हणजे पित्त-खाजेवरची, गोळी हाताशी ठेवून.

आता हे सकाळी कामाला जाण्याआधी मासळी आणतात. मी स्टीलचा डबा दिलाय, तळाला बर्फ, वर मासे, वर परत बर्फ. घरी आला की लगेच साफ करून एक तर शिजतो, नाहीतर फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात. चार वेळा बांगडे खाल्ले. पहिल्या वेळी मी दोन तास आरशासमोरून हलले नाही, दर पाच मिनिटांनी पदर बाजूला करून मान बघत होते. चारही वेळा काही नाही. यांचं डोकंही दुखलं नाही.

मधे एकदा घरी पाहुणे आले म्हणून संध्याकाळचे बांगडे आणले होते. मी ते केले नाहीत. पाहुण्यांना अंड्याचा रस्सा केला, आणि मासा मांजरालाही न घालता माडाच्या आळ्यात पुरला.

लेकीचं कपाळ निवळलंय, गाल अजून तसेच. ती पेज नको म्हणते, नाचण्याची आंबील ताकातली पिते, तेवढंच. कुडचडेच्या पोरा, तू गेलास का रे दाखवायला?


कुडचडेचा_पोरगा
रविवार, संध्याकाळी ६.४०

गेलो ताई. ट्यूब दाखवली, डॉक्टरांनी ती ठेवूनच घेतली. गोळ्या आणि दुसरं मलम दिलंय, सहा आठवडे म्हणालेत. तिसरा चालू आहे. पोटावरचं गेलं, जांघेत अजून आहे. आईलाही काखेत निघालं, तिचंही चालू केलंय. इस्त्री रोज करतो.